शून्य नंबरचा ब्रश

मे महिन्यात भुसावळात
रंग ब्रशवरच वाळतो.
बाटलीपासून राक्षसाच्या गालापर्यंत
अंतर ते काय, चार बोटं,
तेवढ्यात निळ्याची खपली होते.
म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज,
त्यावर बटरपेपर, त्यावर थेंब थेंब रंग,
आणि कूलर बंद.
कूलर लावला की अख्खी पलटण
उताणी पडते.

दिवसा मी दात करतो.
जामनेर रोडला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
वरची कवळी, खालची कवळी, एखादी कॅप.
चिठ्ठीवर रंग लिहून येतो: ए-तीन.
ए-तीन म्हणजे
दिवसाला सहा चहा.
रात्री तेच भिंग, तीच वाकवलेली दिव्याची मान,
फक्त जबडा बदलतो.

मेव्हण्याने किंमत विचारली
तेव्हा मी दातांत सांगितली:
हा पंखवाला म्हणजे साडेतीन कवळ्या.
तो बराच वेळ पंखांकडे पाहत राहिला.

सावद्याच्या वत्सलाबाई फेगडे
तयार कवळी तळहातावर घेऊन म्हणाल्या,
"पांढरे फक नको रे भाऊ.
लोकं म्हनतीन, म्हतारीले दुधाचे दात आले.
मिसरी लावेल दिसू दे."
चाळीस वर्षांची मिसरी
मी एका दुपारात लावली,
हिरडीशी गडद, टोकाला विरळ.
त्यांनी ती बसवली, जीभ फिरवली,
आरशातल्या बाईला
आधीपासून ओळखत असल्यासारख्या हसल्या.

त्यानंतर माझ्याकडे
एकही तलवार चकचकीत राहिली नाही.
चिलखताच्या सांध्यात गंज,
गुडघ्याला चिखल,
तोफेच्या तोंडाशी काजळी.
पायाखाली वत्सलाबाईंच्याच मळ्यातली काळी माती,
वाळवून, चहाच्या गाळणीतून गाळून,
फेविकॉलवर भुरभुरलेली.
दोन सूर्यांच्या ग्रहावर उतरलेले माझे अंतराळवीर
खरं तर
केळीच्या बागेत उभे आहेत.

डोळा काढताना श्वास घ्यायचा नाही.
ठिपका केसभर सरकला की सेनापती तिरळा.
सतरा तिरळे आहेत माझ्याकडे.
त्यांना मी मागच्या रांगेत ठेवतो,
त्यामुळे तेच जास्त जगतात.

रविवारी मुराद तडवी येतो,
लोको शेडची ड्यूटी संपवून,
बुटाच्या खोक्यात त्याचे यंत्रमानव.
सगळे राखाडी. साच्यातून निघाले तसे.
प्लायवर थर्माकोलच्या टेकड्या,
शिंप्याची टेप, सहा फासे,
आणि मधे शेंगदाण्यांची वाटी,
तिला आम्ही विवर म्हणतो.
मी दर वेळी म्हणतो, अरे, रंगव ना.
तो फासे खुळखुळवत म्हणतो,
"रंगवलं का मंग
मरताना उचलाले जीवावर येतं."

येतंच.
माझी निळी भालेवाली, तिच्या झग्याला
मी आठ रात्री दिल्या, सात छटा,
ती पहिल्याच फेरीत गेली.
फाशावर दोन पडले.
मी तिला उचलून शेंगदाण्यांपलीकडे ठेवली,
तोंड भिंतीकडे.
मुरादने पाहिलं.

पुढच्या रविवारी त्याने खोकं उघडलं
तर राखाडी गर्दीत एक जण पिवळा.
इंजिनाच्या कठड्याला लावतात तो पिवळा,
डबडंभर जाड ऑइलपेंट.
बोटं बुजलेली, बंदुकीचं भोक बुजलेलं,
छातीवरच्या खाचा लिंपून गेलेल्या,
मानेपाशी एक ओघळ, वाळताना थांबलेला.
चेहरा म्हणून दोन काळे ठिपके.
तिरळे.

मी भिंगातून बघायचं टाळलं.
"झ्याक झालाय," म्हटलं.
"हात थरथरतो रे," तो म्हणाला,
"एवढाले बोल्ट आवळून."

खेळ तीन तास चालला.
पिवळा मधोमध उघड्यावर उभा,
माझ्या तोफेपासून टेपने बरोब्बर नऊ इंच.
मी डावीकडे मारा केला.
मग उजवीकडे.
मग टेकडीवर, जिथे कोणीच नव्हतं.
मुरादने विचारलं नाही.
शेंगदाणे संपले, उन्हं उतरली,
तरी टेबलावर तो
अजून थोडा ओलाच होता.