फाटक क्रमांक सात

वर्षातून एक रविवार
माझं फाटक आगगाडीची वाट बघत नाही,
आगगाडीच थांबते.
तसं पत्र येतं हेलसिंकीहून, शिक्का मारून:
तीन चाळीसची लाकडाची मालगाडी
शर्यत आटोपेपर्यंत अलीकडच्या स्टेशनात उभी राहील.
इंजिनवाला उर्पो त्या दिवशी पत्ते खेळतो
आणि हरतो.

मी हिल्का. नवरा गेल्यापासून
तरफ मीच ओढते.
शनिवारी क्लबची पोरं आली,
विजेच्या खांबांना गवताच्या गाठोड्या बांधून गेली,
आजाऱ्याला शाल गुंडाळावी तशा.
रूळ आणि डांबर यांच्या फटीत फळ्या ठोकल्या.
मी म्हटलं, तिसरी फळी उचकते.
त्यांनी मान डोलावली.
चार वर्षं झाली, डोलावतात.

जगज्जेतेपदाच्या बारांतली ही नववी शर्यत,
असं कुंपणावरच्या कागदावर लिहिलंय.
गुणांचा हिशोब मला कळत नाही, आवाज कळतात.
छोट्या मोटरसायकली डासांसारख्या येतात,
मोठ्या, जाड कापड टरकावत,
आणि सगळ्यांत शेवटी बाजूगाड्या:
तीन चाकं, दोन माणसं.
एक चालवतो.
दुसरा नुसता वजन.

नुसता म्हणते खरी.
वळण उजवं, तर तो उजवीकडे लोंबतो
कानाची पाळी रस्त्याला घासेल इतका;
डावं, तर चालवणाऱ्याच्या पाठीवर पालथा.
त्याला दिसतं ते डांबर.
तरी वळण त्याला आधी कळतं.

ऑस्ट्रियाचा किर्नबाउअर पुढे होता.
माझ्या फाटकावर दर फेरीला त्यांची गाडी उडायची,
तिन्ही चाकं हवेत,
क्षणभर कुणाचीच नसल्यासारखी,
मग धप्प.
आठव्या फेरीला उडाली
आणि खाली आली तेव्हा
तिच्यावर एकच माणूस होता.

दुसरा माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात,
तोंडात माती, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली.
त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला.
तो चार बोटं दाखवत राहिला.
चार फेऱ्या राहिल्यात.
मी त्याला पायरीवर बसवला,
कॉफी दिली, डाव्या हातात.
फाटकाजवळ बावट्याचं पोरगं पिवळं फडकं हलवत होतं
आणि रडत होतं.

किर्नबाउअरला पत्ताच नव्हता.
हॉटेलातला दुभाषा मुलगा मला मागाहून म्हणाला,
तो काय म्हणाला ते:
रुळांनंतर गाडी एकदम हलकी झाली.
वाटलं, लागलं आज सूत.
सरळ रस्त्यावर ती कधी पळाली नव्हती अशी पळाली.
चर्चच्या वळणावर बाजूचं चाक वर उचललं गेलं,
तेव्हा त्यानं मागे हात नेला.
दांडीवर मूठ नव्हती.

गाडी तिथेच कुंपणाला टेकवून
तो जंगलातल्या पायवाटेनं परत आला, धावत,
चामडी कपड्यांत, शिरस्त्राण घातलेलंच.
पायरीपाशी येऊन उभा राहिला.
शिव्या देईल, मला वाटलं, किंवा मिठी मारेल.
त्यानं अलोइसच्या हातातला कप घेतला,
उरलेली कॉफी संपवली
आणि शेजारी बसला.

आमच्यासमोरून बाकीचे जात राहिले.
कुणीतरी जिंकलं.
लाऊडस्पीकरवर नाव ऐकू आलं, चालवणाऱ्याचं.

मग पाच वाजून दहा मिनिटांनी उर्पोची शिट्टी.
मी फाटक पाडलं.
लाकडाच्या ओंडक्यांनी लादलेले डबे, एकेक, सावकाश,
त्या उचकलेल्या फळीवरून.
अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडच्या बाजूला अडकली होती.
पायरीवरचे दोघं डबे बघत होते.

नदीच्या पुलाकडे रूळ डावीकडे वळतात.
इंजिन तिथं पोचलं
आणि अलोइस, हाड मोडलेला अलोइस,
बसल्या जागी
डावीकडे झुकला.

किर्नबाउअरनं ते पाहिलं, काही बोलला नाही.
शेवटचा डबा जाईपर्यंत
तोही थोडासा झुकून बसला.

मी तरफ वर केली.