पिवळी चिठ्ठी

गंगापूर रोडच्या हॉटेलात, एसी नको तितका,
प्रशिक्षक म्हणतात, चिठ्ठीवर लिहा
उत्तम नेतृत्वाचे पाच गुण. वेळ दहा मिनिटं.
शेजारचे बोरस्ते भराभर लिहितात:
दूरदृष्टी, संवाद, आणि तिसरं काहीतरी,
माझ्या कोनातून 'सचोटी' वाटतं किंवा 'सचिन'.
माझं पेन चिठ्ठीवर टेकलेलं,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.

अंबडचं ते प्रेसशॉप.
निफाडला पारा पाचवर गेलेला जानेवारी,
पत्रे इतके गार की हातमोज्यातूनही चावायचे.
महिनाअखेर. चार हजार ब्रॅकेट बाकी,
आणि सहा नंबरच्या प्रेसचा सेन्सर
दर तिसऱ्या ठोक्याला उगाच मशीन थांबवायचा.
वायरचा एक तुकडा जोडून मी त्याला झोपवला.
मीच. रात्री सव्वादोनला.
गुलाब गांगुर्डेनं विचारलं, चालेल ना साहेब?
मी म्हणालो, चालवा.

बोट गेलं नाही. आधीच सांगून टाकतो,
कारण लोक ही गोष्ट ऐकताना बोटाचीच वाट बघतात.
हातमोज्याचा अंगठा गेला, रिकामा,
डायमध्ये सपाट झालेलं कापड,
आणि गुलाब आपली दहा बोटं
पुन्हा पुन्हा मोजत उभा.

धात्रक मॅडम पहाटे आल्या, स्कूटरवर,
हेल्मेट न काढताच आधी गुलाबकडे गेल्या.
काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही.
मग मेन स्विच. अकराच्या अकरा प्रेस बंद.
पांडवलेण्यापर्यंत ऐकू जावी अशी शांतता.

पुण्याहून मालक, स्पीकरवर:
लाइन कोणी बंद केली?
"मी."
आणि सेन्सर कोणी काढला?
मी नखानं टेबलाचा सनमायका उचकटत होतो.
"प्लांट माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या, "तेव्हा मीच धरा."
पुढे फोनमधून काय काय आलं ते लिहीत नाही.
त्या ऐकता ऐकता पेन्सिलीला टोक करत होत्या.

वाटलं, वाचलो.
फोन ठेवून त्या म्हणाल्या, "वरचं झालं.
आता खाली चल. खालचं तुझं."

चौतीस माणसांसमोर मी सांगितलं, वायर मी जोडली.
मशीन बंद असली की
आवाजाला लपायला कुठे जागाच नसते.
गुलाब जमिनीकडे बघत होता, जणू त्याचीच चूक.
"कोणाकोणाला माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.
एक हात. बऱ्याच वेळानं सात.
त्यांनी मोजले, आणि एवढंच म्हणाल्या:
"सात जणांना माहीत, आणि मला नाही.
हे मला जड जातंय."

केबिनचा दरवाजा काढून टाकला वगैरे काही नाही,
तसं भाषणांत होतं.
त्या मंगळवारी रात्रपाळीला येऊ लागल्या, डब्यासकट.
कोपऱ्यात बसून मेथीची भाजी खायच्या,
फारसं कुणाशी बोलायच्या नाहीत.
तिसऱ्या मंगळवारी कोणीतरी जाता जाता म्हणालं,
मॅडम, कॉम्प्रेसर गळतोय, दोन महिने झाले.

थोर वगैरे म्हणू नका त्यांना.
नावं विसरायच्या, गुलाबला वर्षभर 'गणपत' म्हणायच्या.
माझी त्या वर्षीची पगारवाढ कापली ती कापलीच.
अर्धी ऑर्डर चाकणला गेली, दिवाळीचा बोनस घटला,
आणि काही घरांनी ते अजून माफ केलेलं नाही.

वेळ संपली, प्रशिक्षक म्हणतात.
बोरस्त्यांची चिठ्ठी भिंतीवर चढते, टाळ्या.
माझ्यावर नुसता निळा ठिपका,
आता जवळजवळ एखाद्या बटणाएवढा.

खिशात फोन थरथरतो. तेजल तिडके, पहिली पाळी,
नोकरीला जेमतेम चार महिने.
"सर, रागावणार नसाल तर एक सांगायचं होतं."
मी खुर्ची मागे सारतो,
ती फरशीवर जरा जास्तच मोठ्यानं घासते.
सगळे वळून बघतात.
"थांब," मी म्हणतो, "बाहेर येऊ दे. हं.
बोल."