वासे फिरले तेव्हा

भरती दुपारी चारची,
म्हणून अंधारातच जू खांद्यावर घेऊन निघालो.
माझे दोन, क्लावेल आणि लुसेरो.
सगळे मिळून अठरा बैल.
माणसं कुणी मोजली नाहीत;
मिंगाला हाक आली की येतातच.
मजुरी नसते, जेवण असतं,
इर्जिकच म्हणा.

एदुविना नाहुएल्किन घर हलवत होती.
सामान नव्हे. घर.
चुलीसकट, धुराड्यासकट,
भिंतीवरच्या कॅलेंडरसकट. तेही यंदाचं नव्हे,
रोसेंदो गेला त्या वर्षाचं.

आमच्या चिलोएत घराला पाया नसतो.
लाकडी खुंटांवर टेकलेलं असतं ते,
पाहुणा ओसरीवर टेकतो तसं,
उठायच्या बेतात.
चर्चही होड्या बांधणाऱ्या हातांनीच बांधलेलं;
आत जाऊन वर पाहिलं
तर पालथी घातलेली होडीच दिसते,
खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या.
इथल्या वास्तूंना पाणी
परकं वाटत नसावं.

भिंतींवर आलेर्सेच्या फळ्या,
तळहाताएवढ्या रुंद, खाली गोलसर कापलेल्या,
एकीवर एक, खवल्यांसारख्या.
एकेक रोसेंदोने फोडलेली.
चार हजार दोनशे, एदुविना सांगते,
आणि त्यातली एक उलटी लागलीय,
त्या दिवशी तो प्यायला होता.
वायव्येचा पाऊस जिने झेलला
ती भिंत रुप्यासारखी करडी, कडांना शेवाळ.
तिच्या पाठची मात्र अजून मधाच्या रंगाची,
कालच लावल्यासारखी.
चाळीस वर्षं एका छपराखाली,
एकीने सोसलं, एकीने नाही.

आतून तिरप्या तुळया ठोकल्या,
नाहीतर घराची कंबर मोडायची.
खाली दोन अखंड ओंडके.
तेओफिलोने आरोळी दिली, अठरा माना वाकल्या.
आधी काहीच नाही.
मग खोल कुठेतरी कुरकुर,
म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तशी,
आणि एक खिडकी
माझ्या शेजारून चालू लागली.

किनाऱ्याशी बैलांचं काम संपलं,
पुढचं भरतीने उचललं.
चारी बाजूंना पिंपं, पुढे लाँच, मागे घर,
उंबरा पाण्याखाली.
घर बांधून पाहिलेले पुष्कळ,
तरंगून पाहिलेली ही एकटीच.
धुराड्यावर एक पाणकावळा येऊन बसला
तो पैलतीरापर्यंत उठला नाही.
एदुविना आमच्या होडीत,
ना मागचं बेट बघत होती ना पुढचं,
मांडीत परात घेऊन
मिल्काओसाठी बटाटे किसत होती.

पलीकडे प्रवाहाने दगा दिला.
घर सावकाश वळलं,
कुणी हाक मारल्यासारखं,
आणि तसंच वाळूत रुतलं:
दार समुद्राकडे, पाठ रस्त्याला,
मधाची भिंत थेट वायव्येला.
घर फिरलं, वासेही फिरले.
तेओफिलो कुणाच्या डोळ्यांत बघेना.
पहाटेच्या भरतीला पुन्हा उचलू, म्हणाला,
सरळ करून देतो.

एदुविनाने चिखलातून घराला एक फेरी घातली.
उलट्या फळीपाशी थांबली, तिच्यावरचं गवत काढलं.
मग मधाच्या भिंतीवर थाप मारून म्हणाली,
"राहू दे. हिलाही कळू दे पाऊस."

कुणीतरी हिशेब केला,
दोन्ही भिंती एका रंगाच्या व्हायला
अजून चाळीस वर्षं.
ती एकाहत्तरची.
"मग घाई कसली," ती म्हणाली,
"खड्ड्यातले शिंपले उघडलेत. बसा."

बसलो. नाल्काच्या पानांवर वाढलं होतं,
तापल्या दगडांची वाफ, सफरचंदाची दारू,
आणि उघड्या दारातून
कुणाच्याही लक्षात नसलेली किटली.

रात्री बैल न्यायला बेटावर परतलो.
कंदील वर धरला.
खुंटांच्या सहा रांगा,
आणि त्यांच्यामधली जमीन,
चौकोनी, फिकी, चाळीस वर्षं कोरडी,
आता भिजत होती.
क्लावेल तिचा वास घेत उभा होता.
मी त्याला लगेच ओढलं नाही.