नमुना क्रमांक सात

पहाटे पावणेसहाला रंकाळ्यावर
वास आधी भेटतो, पाणी नंतर.
ओल्या गवताचा, मग शिळ्या कोबीचा,
मग ज्याचं नाव चहाच्या आधी काढू नये असा.
संध्यामठाच्या बाजूला पाणी हलत नाही,
सायीसारखं सुरकुततं नुसतं.
हिरवी साय.
कुणी दारं रंगवून उरलेला ऑइलपेंट
रात्रीत गुपचूप ओतून गेल्यासारखी.

मी काळी-पांढरी थाळी दोरीनं सोडते खाली.
वितीभर गेली की दिसेनाशी.
वहीत लिहिते : वीस सेंटीमीटर.
थेंब पडून आकडा पसरतो,
पसरूनही वीसच राहतो.

काठाशी चिलापी तोंडं वर काढून
हवेचे घोट घेतायत.
दिवसा ही हिरवळ उन्हावर जगते,
रात्री तीही श्वास घेते आपल्यासारखी,
आणि पहाटेपर्यंत
पाण्यातला सगळा संपवून टाकते.

"बाई, म्हस उतरवू का नको, येवढंच सांगा."
रावबा गवळी. मागं त्याची चंद्री.
नको, म्हणाले.
"गेल्या साली उतरवली तर हिरवी हून वर आली.
दोन दिस वैरणीला तोंड लावलं न्हाई.
गंगावेशीत गिऱ्हाईक इचारतंय,
दूध धारोष्ण हाय खरं,
म्हशीच्या पायाला ह्यो रंग कसला?"
चंद्री पाण्याकडं बघत राहिली,
माहेराला कुलूप दिसावं तशी.
मी त्याला नंदीचं विचारलं,
तो रोज गव्हाभर तळ्याकडं सरकतो,
तांदळाभर मागं येतो, पोचला की जगबुडी, ते.
रावबा म्हणाला,
"आता गव्हाभर मागंच जात आसंल बगा.
नाक हाय की त्यालाबी."

सातवी बाटली नाल्याच्या तोंडाशी भरायची.
तिथं पाणी काळं, वर फेस,
फेसाला वास मात्र चांगला. मोगऱ्याचा.
मला तो ओळखीचा वाटला
आणि मी बाटलीचं बूच जरा जास्तच घट्ट लावलं.

लोक म्हणतात, शेवाळ माजलंय.
माजलं कुठं? जेवलंय.
आपणच वाढलं, नको नको म्हणायच्या आत.
संडासाचं, मोरीचं, गोठ्याचं,
वर चमचाभर, वर अजून चमचाभर.

प्रयोगशाळेत सातव्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकले,
दहा मिनिटं घड्याळाकडं बघत बसले.
फॉस्फेट असेल तर निळं होतं.
जितकं जास्त, तितकं गडद.
आधी पाण्यात शंका आल्यासारखं काहीतरी,
मग निळीची पुरचुंडी बुडवल्यासारखं,
मग असं निळं
की मी नळी खिडकीशी धरली आणि बघत राहिले.
तळं शाळेतल्या चित्रात
आम्ही ह्याच रंगानं रंगवायचो.

आमच्या गल्लीचा उतार कुठं जातो
हे मला ह्या नोकरीत कळलं.
तोवर पाणी मोरीतून जायचं. जायचं म्हणजे जायचं.
शनिवारी पोराच्या गणवेशाला दोन चमचे जास्त,
कॉलरवर काही राहू नये म्हणून.
मोगऱ्याचा वास. जाहिरातीत असतो तो.
ह्या शनिवारी एकच चमचा टाकला.
कॉलरवर शाई राहिली.
त्यानं काही तळं पांढरंशुभ्र होणार नाही,
मला आकडे येतात.

अहवालात रकाने सगळे रुंद :
तापमान, सामू, प्राणवायू, गढूळपणा.
शेऱ्याला अर्धा इंच.
दरवेळी तिथं "मर्यादेपेक्षा अधिक" लिहिते,
दरवेळी ते मावतं,
सही होते, फाईल पुढे जाते,
वासाच्या मागून वास यावा तशी.

आज लिहिलं :
"म्हैस उतरवू नये."

साहेबांनी दुपारी बोलावलं.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाले, म्हैस कुणाची?