दाराचा नंबर

इदालिना दुकानात आली तेव्हा
पिशवीत लॅपटॉप होता, त्यावर कोथिंबिरीची जुडी,
आणि चेहऱ्यावर चोरीची तक्रार द्यायला आलेल्याची लाज.
'एक विचारू? हसू नकोस.
एका घरातले कॉम्प्युटर, रात्री आपण झोपल्यावर,
एकमेकांशी बोलतात का?'

सेतुबालच्या बंदरामागं, मासळीबाजाराच्या गल्लीत
अकरा वर्षं मी ही यंत्रं उघडून बघतोय.
त्यांच्या पोटात झुरळं सापडली, पावाचा चुरा,
एकदा एक दुधाचा दात.
कुजबुज कधी सापडली नाही.

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला.
ती बघते ते क्रोशाचे नमुने,
फार तर सार्डिन भाजल्यावर पडद्यांचा वास कसा घालवावा.
पण आठवडाभर नमुन्यांच्या कडेला
बिसाऊचं विमान उभं राहतंय.
मच्छरदाण्या. पिवळ्या तापाची लस.
'हे मी शोधलेलं नाही.'
मग जरा थांबून, 'घरात दुसरा आहे तो बेल्मिरोचा.'

बेल्मिरो. डबाबंद मासळीच्या कारखान्यात उभा जन्म.
त्याआधी, एकाहत्तर साली, लष्करी बुटांत
बोटीनं गिनीला गेला;
त्र्याहत्तरला परतला, डावा कान तिथंच ठेवून.
त्या दोन वर्षांबद्दल पन्नास वर्षांत
त्यानं ब्र काढलेला नाही.

मी घरी जाऊन पाहिलं.
तो धक्क्यावर पत्ते खेळायला गेला होता.
दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखतात, पण नावापुरती,
जिन्यात भेटणाऱ्या भाडेकरूंसारखी:
मी इथं आहे, प्रिंटर कुठं आहे?
एवढंच.
एकही फोल्डर सामाईक नाही.
हिनं काय वाचलं ते त्याला कळत नाही,
त्यानं काय शोधलं ते हिला.

'पण कपाटावरचा तो डबा बघ,' मी म्हणालो,
'तो सगळ्यांची पत्रं एकाच पत्त्यावरून धाडतो.
बाहेरच्या दुकानदाराला माणसं दिसत नाहीत,
दाराचा नंबर दिसतो.
या दारातून कुणीतरी बिसाऊ विचारलं,
म्हणून तो इथल्या प्रत्येकाच्या हातात
तेच पत्रक कोंबतो. बहुतेक असंच.
अंदाज असतो त्याचा. चुकतोही.
खालची पोरगी माझं वायफाय वापरायची तेव्हा
मला पंधरा दिवस बाळाचे लंगोट दाखवत होता.'

'म्हणजे त्यांनी एकमेकांना काही सांगितलं नाही.'
'नाही.'
'एका छपराखाली राहून.'
'हो.'
ती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

'जाहिराती बंद करून देऊ? दोन मिनिटांचं काम.'
'नको. ओरडू दे त्या फेरीवाल्याला.
घरात कुणीतरी बोलतंय.'

मग ॲप्रनला हात पुसून ती बसली
आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, टाइप करू लागली:
बिसाऊ. विमान. दोन माणसं.
मी खिडकीकडं तोंड फिरवलं,
तरी काचेत दिसत होतं.
बायकांची सुती टोपी, उन्हासाठी.
सत्तरीनंतर ती लस चालते का.
मागं जाऊन पुन्हा: दोन माणसं.

'आता त्याच्याकडं कधी पोचेल?'
'सांगता येत नाही. पोचेलच असंही नाही.'
'गिनीहून पत्र यायला तीन आठवडे लागायचे,' ती म्हणाली.
'उघडलं की आत पावसापाण्याची हकिकत.'

पैसे घेतले नाहीत. कोथिंबीर घेतली.
उतरताना बेल्मिरो भेटला, एका हातात टोपी,
एका हातानं कठडा धरलेला.
'काय बिघडलं होतं?'
त्यानं उजवा कान पुढं केला.
मी क्षणभर त्या कानाकडंच बघत राहिलो.

'प्रिंटर,'
मी मोठ्यानं म्हणालो.