रिकामा रकाना

इस्तारीच्या रक्ताची नळी मीच भरली होती,
तो जायच्या सात महिने आधी,
साकोलीच्या पुढच्या राईस मिलमध्ये, वजनकाट्याशेजारी.
मागोमाग दुधरामची.

दोघे भाऊ एकाच भट्टीवर.
उसन्या तांदळाची वाफ, कोंड्याचा धूर,
पाळी एक, डबा एक, बिडीचं बंडलही अर्धं-अर्धं.
बेचाळिसाव्या वर्षी इस्तारी
पोतं खाली ठेवता ठेवता त्याच्यावरच बसला,
उठला नाही.
दुधराम खोकतो,
आणि खोकत खोकत अजून धान उचलतो.

नागपूरहून कागद आला, तो मी सायकलवर नेला.
दुधरामपुढे लिहिलेलं: आहे.
इस्तारीपुढे: नाही.
एका जनुकाबद्दल एवढंच.

आता हे सांगायचं कसं?
म्हटलं, काकी, यकृतात एक विकर असतं.
मिलमध्ये हमाल पोत्यावर शिक्का मारतो ना,
मग फाटकावरचा माणूस ते बाहेर सोडतो,
तसं ते धुरातल्या विषावर शिक्का मारतं.
इस्तारीकडे तो शिक्केवाला नव्हता.
माल आतच थप्पीला लागत गेला असेल,
हृदयाच्या रस्त्यातसुद्धा.

काकी विळ्यावर लाखोरीची भाजी चिरत होत्या.
"म्हंजे मी त्याले कमी देल्लं?"

नाही हो.
ती जागा दोन्हीकडून कोरी यावी लागते,
तुमची एक, काकांची एक,
आणि देणाऱ्याला पत्ता नसतो.
आपल्या गावात कितीतरी जणांची कोरी असेल,
त्यातले काही नव्वदीला टेकलेत.
कागद कल सांगतो फक्त,
इस्तारीचं नाव घेऊन तो काही सांगत नाही.

हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.
काकींनी भाजी पुन्हा चिरायला घेतली,
आधीच बारीक झालेली.

दुधराम दारात उभा होता.
कागद त्याने सुलटा धरला, उलटा धरला.
"माह्याजवळ होतं, तं त्याच्यातलं थोडं त्याले..."
पुढचं त्याला बोलता आलं नाही.
मिलचा भोंगा झाला. तो गेला.

त्याच यादीत खाली माझंही नाव होतं.
नमुने कमी पडले म्हणून मी माझीही नळी भरली होती.
रात्री घरी येऊन तो रकाना पाहिला.
नाही.

सिलिंडर संपून नऊ दिवस झालेले.
चुलीत ओलं लाकूड.
मी खिडकीत कोंबलेलं पोतं काढलं, दार सताड केलं,
आणि फुंकणी तोंडाला लावायच्या आधी
थोडी थांबले.