पाचांत पाचवी

पहाटे पाचला कलेजी उकळत ठेवते.
माझ्या ओट्यावर. आईनं पाहिलं असतं
तर पातेल्यासकट मला बाहेर ठेवलं असतं.
खिडकीपलीकडे स्किप्टन अजून काळोखात,
टेकडीवरच्या मेंढ्या म्हणजे नुसते फिकट डाग.
नखाएवढे तुकडे, मीठ नाही,
कोटाच्या उजव्या खिशात.
डाव्यात मऊ ब्रश, नंबराची क्लिप, बडीशेप.
बडीशेप माझ्यासाठी.

कागदावर तिचं नाव थॉर्नबेक सिल्व्हर लॅपविंग.
घरात चिंगी.
डोरीनबाईंनी तो कागद टेबलावर पसरला तेव्हा
चहा गार होईस्तोवर बोट फिरवत राहिल्या.
ही हिची पणजी, खांदे तिचे आलेत.
हा फार देखणा होता, कपाटभर कप,
पण त्याच्या पिल्लांची हृदयं लवकर थकायची,
म्हणून ही फांदी मी इथंच थांबवली.
पाच पिढ्या, आया आणि बाप, दोन्हीकडून,
एकही रकाना रिकामा नाही.

मला माझ्या पणजीचं नाव माहीत नाही.
तिच्या नवऱ्याचं आहे.

"दोन वर्षं तू शेवटीच येशील," त्या म्हणाल्या,
"तेवढ्यात बघायला शीक."
आणि बिल दिलं. घासाघीस नाही.

हॉलमध्ये हिरव्या चटया, फिनेल, ओल्या कोटांचा वास.
परीक्षक बाईंचे हात थंड असावेत,
चिंगीनं कातडी थरथरवली.
ओठ उचलून दात पाहिले,
मग बरगड्या, पाठीची कमान, शेपटीचं मूळ.
मग मागं सरकून म्हणाल्या,
चालवून दाखवा.

फलटण, एक्याण्णव साल, मोरपंखी साडी.
"जरा चालून दाखव, बाळ,"
मुलाचे काका पोह्यांची बशी खाली न ठेवता.
दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत.
चपला काढ, म्हणजे उंची कळेल.
पत्र तिसऱ्या आठवड्यात आलं. पोस्टकार्ड.
मी चालले होते तशी त्यानंतर
कित्येक वर्षं चालत होते,
मान ताठ, श्वास धरून.

इथं मात्र दोरी माझ्या हातात.
त्रिकोणात जायचं, परत यायचं, थांबायचं.
चिंगीला कुणी बघतंय हे ठाऊकच नव्हतं.
ती माझ्या उजव्या खिशाला बघत होती.

पाचांत पाचवी.

परीक्षक बाई जाताजाता वाकल्या,
"कुत्री छान आहे. तुम्ही अडवताय तिला.
दोरी सैल सोडा."
मी मान हलवली. डोळ्यांत काय गेलं कोण जाणे,
फिनेलच असेल.

गाडीत चिंगी मागच्या सीटवर
चार पाय चार दिशांना टाकून झोपली.
मार्चमध्ये तिच्या हृदयाची तपासणी.
ती नीट निघाली तर पुढचं पुढं,
नर कोणता, पेटी कुठं ठेवायची, रात्री कुणी जागायचं.
नाही निघाली तर फांदी इथंच. मी वहीत लिहून ठेवलंय,
पेनानं, म्हणजे पिल्लांच्या मोहानं
खोडता येऊ नये.

घाट चढताना गाडी बाजूला घेऊन
कुमुदमावशीला फोन लावला.
तिकडे रात्रीचे नऊ.
"आईच्या आजीचं नाव काय गं?"
मावशी बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "सगळे तिला बयोच म्हणायचे.
का गं? काय झालं?"